झाकलेली जखम

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. व्यवहारात ती पुष्कळदा खरी ठरते. परंतु जखमेच्या बाबतीत तिच्याइतकी घातक म्हण दुसरी नाही. झाकलेली जखम आतल्या आत चिघळत राहते, आणि ती जितके दिवस झाकावी तितकी पुढे महाग पडते. एरवी या पहिल्या पानावर मंत्र्यांचे दौरे, कापसाचे भाव आणि पावसाचे अंदाज यांची गर्दी असते. ती थोडी बाजूला सारून आज आम्ही खुब्याचा सांधा बदलल्यानंतर होणाऱ्या जंतुसंसर्गाचा प्रश्न वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा विषय वैद्यकाच्या नियतकालिकातला, दैनिकाच्या पहिल्या पानाचा नव्हे, असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु या रोगाच्या उपचाराचे यश शस्त्रवैद्याच्या हातावर जितके अवलंबून आहे, तितकेच ते रुग्णाच्या घरातील माणसांवर, औषधाच्या दुकानदारावर, प्रयोगशाळेवर आणि सरकारी योजनेच्या कागदांवर अवलंबून आहे. सबब तो सार्वजनिक प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आरंभीच एक गोष्ट सांगून टाकणे इष्ट होय. खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेविषयी कोणाच्या मनात भीती उत्पन्न करावी असा आमचा हेतू नाही. विसाव्या शतकातील वैद्यकाने माणसाला दिलेल्या थोर देणग्यांपैकी ती एक आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील रायटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी पोलादाचा लहान गोळा, पॉलिएथिलीनची वाटी आणि ती जागेवर बसविण्यासाठी दंतवैद्यकातून उचललेले ॲक्रिलिक सिमेंट यांची सांगड घातली, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे पुन्हा चालू लागली. आज अमरावतीत आणि अकोल्यात ही शस्त्रक्रिया नवलाची राहिलेली नाही. पूर्वी खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध आजी ओसरीवरच्या खाटेवर काही महिने काढी आणि बहुधा तेथूनच जगाचा निरोप घेई. आज तीच आजी काठी टेकीत देवळापर्यंत जाऊन येते. ही प्रगती सामान्य नव्हे.

वऱ्हाडात या शस्त्रक्रियेची गरज केवळ वृद्धांनाच पडते असेही नाही. विदर्भात सिकलसेल या रक्तविकाराचे अस्तित्व नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच जगापुढे मांडले होते. मेळघाटच्या आदिवासी वस्त्यांत, आणि आदिवासी नसलेल्याही अनेक समाजांत, हा विकार पिढ्यान्‌पिढ्या वाहत आलेला आहे. कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवितात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि ऐन विशी-पंचविशीतील तरुणाचा खुबा ढासळतो. अशा रुग्णाच्या अंगी जंतूंशी झगडण्याची शक्तीही मुळात उणी असते. त्यात करोनाच्या साथीने भर घातली. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा पहिला तडाखा अमरावती-अकोल्यालाच बसला, आणि २२ फेब्रुवारीपासून अमरावतीस पुन्हा टाळेबंदी सोसावी लागली. त्या साथीत स्टेरॉइड औषधांनी असंख्य जीव वाचविले हे खरे; परंतु ती औषधे घेतलेल्या काही तरुण रुग्णांच्या खुब्याचे हाड पुढे मृत होऊ लागल्याचे मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी त्याच वर्षी नोंदविले. सारांश, खुबा बदलून घेणाऱ्यांत पुढे तीस-चाळीस वर्षे चालावयाची आहेत अशी माणसेही आता आहेत. त्यांचा सांधा चिघळला तर एका संसाराचा कणा मोडतो.

या शस्त्रक्रियेनंतर शंभरांत सुमारे एक ते दोन रुग्णांच्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो, असा जगातील चांगल्या रुग्णालयांचा अनुभव आहे. संख्या लहान दिसते. परंतु ज्याच्या वाट्यास तो एक येतो त्याच्यापुरता तो शंभरांत शंभर असतो. हा संसर्ग इतर संसर्गांहून वेगळा का, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण बहुतेक चुका ते न समजल्यामुळे होतात. निरोगी मांसात पू होण्यास लक्षावधी जंतू लागतात. पण तेथे रेशमाचा एखादा टाका जरी असला तरी काही शेकडा जंतू पुरेसे होतात, हे १९५७ मधील प्रयोगांनीच दाखविले होते. मग वीतभर लांबीच्या धातूच्या दांड्याविषयी काय सांगावे? धातूत रक्त वाहत नाही. म्हणून रक्तातून जाणाऱ्या संरक्षक पेशी तेथे पोहोचत नाहीत आणि औषधही पुरेसे पोहोचत नाही. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर जंतू चिकटतात आणि थोड्याच दिवसांत स्वतःभोवती एक चिकट थर विणून घेतात. रांजणातले पाणी रोज बदलले तरी आतल्या कडेचा बुळबुळीत थर जसा जात नाही, तो हाताने घासूनच काढावा लागतो, तशीच येथे स्थिती असते. प्रतिजैविकाच्या गोळीने पाणी बदलते. थर जात नाही. बाहेरचा स्राव थांबतो, ताप उतरतो, घरच्यांना हायसे वाटते आणि आत जंतू निवांत वस्ती करून राहतात.

आता प्रकरण कसे बिघडते ते पाहू. येथे आम्ही कोणा एका व्यक्तीची हकिगत सांगत नाही. केवळ उदाहरणादाखल एक चित्र उभे करीत आहो. दर्यापूर तालुक्यातील एक साठीचा शेतकरी बांधावरून घसरून पडतो. खुब्याचे हाड मोडते. शहरात आणून सांधा बदलला जातो. आठव्या दिवशी तो घरी परततो. बाराव्या दिवशी पट्टी ओली दिसते. मुलगा विचार करतो : पुन्हा शहरात न्यावयाचे म्हणजे गाडीभाडे, दोन दिवसांची मजुरी, पुन्हा भरती आणि पुन्हा पैसे. मोबाइलवर जखमेचे छायाचित्र कोणाला तरी दाखविले जाते. गावच्या औषधाच्या दुकानातून पाच दिवसांच्या भारी गोळ्या येतात. स्राव आटतो. महिन्याने खुबा ठणकू लागतो. दुसरे डॉक्टर, दुसऱ्या गोळ्या. क्ष-किरण चित्र काढले जाते आणि त्यात सांधा जागेवर दिसतो. मग ‘वातामुळे दुखते’ असे समाधान करून घेतले जाते. सहाव्या महिन्यात जखमेच्या कडेला एक बारीक तोंड उघडते आणि त्यातून पू वाहू लागतो. आता तो मोठ्या रुग्णालयात येतो आणि सांध्यातील द्रव तपासणीस जातो, तेव्हा अहवालात जंतू उगवले नसल्याचे लिहून येते. सहा महिन्यांच्या अर्धवट गोळ्यांनी जंतू मेलेले नाहीत. त्यांची ओळख मात्र पुसली गेली आहे. चोर घरातच आहे, पण पंचनामा करावयास गेले तर पाऊलखुणा नाहीत.

या चित्रात दुष्ट कोणीच नाही. मुलगा निष्काळजी नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. तथापि ज्या दिवशी ती पट्टी ओली झाली, त्या दिवशी जे करणे दोन-तीन आठवड्यांचे काम होते ते सहा महिन्यांनी वर्षा-दीड वर्षाचे झाले. हा मधला काळ कोणी वाया घालविला, याचे उत्तर एका माणसात सापडत नाही. ते उत्तर आपल्या सगळ्यांच्या झाकून ठेवण्याच्या सवयीत सापडते.

योग्य मार्ग कोणता, याविषयी वैद्यकात आज पुष्कळसे एकमत आहे. शस्त्रक्रियेनंतर जखम आठवड्याहून अधिक काळ पाझरत राहिली, किंवा विश्रांती घेतानाही खुबा ठणकत राहिला, तर ताप असो वा नसो, ज्या शस्त्रवैद्याने सांधा बसविला त्याच्याकडे त्याच दिवशी गेले पाहिजे. तेथे रक्ताच्या तपासण्या होतात. सुईने सांध्यातील द्रव काढला जातो. आणि हे सर्व प्रतिजैविक देण्याच्या आधी होते. पूर्वीच गोळ्या चालू असतील आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर सुमारे दोन आठवडे त्या थांबवून मग नमुना घेतात. अर्थात रक्तात विष भिनून रुग्ण अत्यवस्थ झाला असेल, तर रक्ताचे नमुने घेऊन उपचार तत्काळ सुरू करावे लागतात. तेथे वाट पाहणे हा गुन्हा ठरेल. शस्त्रक्रियेच्या वेळी निरनिराळ्या जागांहून पाच-सहा नमुने घेतात. त्यांतील दोहोंत एकच जंतू आला म्हणजे निदान पक्के होते. काही जंतू इतके संथ वाढतात की प्रयोगशाळेला चौदा दिवस धीर धरावा लागतो. तीन दिवसांनी ‘वाढ नाही’ असा शेरा मारून बशी टाकून देणारी प्रयोगशाळा येथे उपयोगाची नाही.

निदान पक्के झाल्यावर उपचाराच्या वाटा तीन-चार आहेत. संसर्ग पहिल्या तीन-चार आठवड्यांतच ओळखला गेला तर सांधा पुन्हा उघडून स्वच्छ धुतात, सुटे भाग बदलतात आणि हाडात पक्का बसलेला मुख्य भाग तसाच ठेवून औषध देतात. थर अजून कोवळा असल्यामुळे हे साधते. उशीर झाला असेल तर सांधा काढावाच लागतो. तो काढून त्याच बैठकीत नवा बसवावा, ही रीत हँबर्गच्या बुखहोल्त्स यांनी रूढ केली. १९७० च्या सुमारास सिमेंटमध्येच प्रतिजैविक मिसळण्याची कल्पनाही त्यांचीच. दुसरी रीत दोन टप्प्यांची : आधी सांधा काढून औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवावयाचा, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागा निर्जंतुक झाल्याची खात्री पटली म्हणजे नवा सांधा घालावयाचा. या दोहोंपैकी सरस कोणती, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. मुख्यतः ब्रिटनमधील एका तुलनात्मक चाचणीत एका टप्प्याच्या व दोन टप्प्यांच्या रुग्णांत दीड वर्षानंतर वेदना व हालचाल यांच्या दृष्टीने लक्षणीय फरक आढळला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णाला दोनदा भूल, दोनदा रजा आणि दोनदा कर्ज परवडत नाही, त्याच्या दृष्टीने ही वार्ता महत्त्वाची आहे. मात्र एका टप्प्यात काम उरकावयाचे तर जंतू कोणता व त्यावर कोणते औषध चालते हे शक्यतो आधीच ठाऊक असावे लागते. म्हणजे पुन्हा मुद्दा तोच : आधी ओळख, मग उपचार.

जो रुग्ण थकलेला आहे, ज्याचे शरीर आणखी मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्याच्यासाठी ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी रीत अजून शिल्लक आहे. सांधा काढून जागा तशीच भरून येऊ द्यावयाची. पाय दोन-तीन बोटे आखूड होतो, काठी कायमची हाती येते. परंतु बहुतेकांचा पू थांबतो, दुखणे कमी होते, आणि मांडी घालून किंवा उकिडवे बसताही येते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या आपल्या माणसांना या शेवटच्या गोष्टीचे मोल किती आहे हे सांगावयास नको. भारतात क्षयाने नासलेल्या खुब्यासाठी ही रीत वर्षानुवर्षे वापरली गेली ती त्यामुळेच. क्षयाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक इशारा. धातूवरील स्टॅफिलोकोकस जंतूंच्या थरावर रिफाम्पिसिन हे औषध अनेक ठिकाणी जोडीच्या औषधाबरोबर दिले जाते. हेच क्षयाचेही मुख्य औषध आहे. क्षय नाही याची खात्री न करता किंवा जोडीच्या औषधाशिवाय ते दिले, तर दोन्ही रोगांत ते निकामी होण्याचा धोका असतो.

येथे खर्चाचा प्रश्न पुढे येतो, आणि याच ठिकाणी आमचा मुख्य मुद्दा आम्हांस अधिक ठासून मांडावयाचा आहे. सहा आठवडे शिरेतून औषध दिल्याखेरीज हाडाचा संसर्ग हटत नाही, असा पक्का समज अलीकडेपर्यंत होता. सहा आठवडे शहरात खोली घेऊन राहणे, रोज सुई, रोज बिल, ही मूर्तिजापूर किंवा अकोट येथील मध्यम परिस्थितीच्या घराला पेलणारी गोष्ट नव्हे. परंतु ब्रिटनमधील २६ केंद्रांत १,०५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीने २०१९ मध्ये दाखवून दिले की, पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडीच्या गोळ्या तोंडाने दिल्या तरी परिणाम शिरेतील औषधापेक्षा कमी प्रतीचा होत नाही. सुईने औषध दिलेल्यांत शेकडा १४.६ उपचार अयशस्वी ठरले, गोळ्या दिलेल्यांत शेकडा १३.२. मात्र गोळ्या घरी घेता आल्या तरी त्या अल्प काळ घेऊन चालत नाही. सांधा जागेवर ठेवून किंवा बदलून उपचार केलेल्यांना सहा आठवड्यांपेक्षा बारा आठवड्यांचे औषध हितकर, असा फ्रान्समधील चाचणीचा २०२१ मधील निष्कर्ष आहे. याचा अर्थ रुग्णाने वाटेल त्या गोळ्या आणून खाव्यात असा नव्हे. नेमका उलटा आहे. जंतू ओळखलेला असेल, त्याला कोणती गोळी मारते हे ठाऊक असेल, तर रुग्ण घरी राहून, लेकरांत राहून, थोड्या खर्चात बरा होऊ शकतो. प्रयोगशाळेतील ती चौदा दिवसांची बशी गरिबाचा पैसा वाचविते. तिच्यावर केलेली काटकसर ही वास्तविक उधळपट्टी आहे. आणि पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातून मूत्रपिंडाच्या विकाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येत असता, मूत्रपिंडावर ताण देणारी भारी औषधे अंधारात तीर मारल्याप्रमाणे देणे तर येथे दुप्पट अयोग्य होय.

असे असता ही जखम झाकली का जाते? रुग्ण झाकतो, कारण त्याला खर्चाची धास्ती वाटते. डॉक्टर कित्येकदा ‘वरवरचे आहे, बरे होईल’ असे म्हणतात, कारण संसर्ग झाला हे सांगताच आपल्या हाताला यश नाही अशी आवई उठेल, बिलावरून भांडण होईल, प्रसंगी काचा फुटतील, ही भीती त्यांना असते. ती भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. रुग्णालयांवर हात उगारणाऱ्या जमावाने या लपवालपवीस जेवढा हातभार लावला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणी लावला असेल. उत्तमातील उत्तम शस्त्रवैद्याच्या हातूनही, सर्व दक्षता घेऊन, संसर्ग होऊ शकतो. तो होणे हा गुन्हा नाही. तो ठाऊक असून वेळेवर न सांगणे हा मात्र कर्तव्यलोप आहे, आणि समाजाने या दोहोंत भेद करण्यास शिकले पाहिजे.

आकडे उघड केल्याने लोक घाबरतील, शस्त्रक्रियाच टाळतील, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याला उत्तर चार्न्ली यांच्याच चरित्रात आहे. आरंभीच्या काळात त्यांच्या रुग्णांत संसर्गाचे प्रमाण शेकडा सातच्या आसपास होते. त्यांनी ते दडविले नाही. मोजले, छापले आणि त्यावर उपाय शोधला. शस्त्रक्रियागृहातील हवा गाळून घेतली, शस्त्रवैद्यांचे पोशाख बदलले, हातमोजे व टाके यांची रीत सुधारली, आणि काही वर्षांत ते प्रमाण शेकडा एकाच्या खाली आणले. ज्याने आपले अपयश मोजले तोच ते कमी करू शकला. स्वीडनने बदललेल्या प्रत्येक खुब्याची राष्ट्रीय नोंदवही १९७९ पासून ठेवली. इंग्लंड व वेल्सने २००३ मध्ये तसेच केले, आणि २००४ पासून अस्थिशस्त्रक्रियेनंतरच्या संसर्गाची गणना इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांवर बंधनकारक झाली. त्यामुळे त्या देशांतील लोकांनी खुबे बदलणे थांबविले नाही. आपल्याकडे अस्थिशस्त्रवैद्यांच्या संघटनेने नोंदवही सुरू केलेली आहे. पण ती स्वेच्छेची आहे. नोंद नसली म्हणजे काय होते याचा धडा डीप्यू कंपनीच्या ए.एस.आर. खुब्याने दिलाच आहे. सदोष ठरलेला तो सांधा २०१० मध्ये जगभरच्या बाजारातून परत घेण्यात आला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता, आणि पुढे भरपाई देण्याची वेळ आली तेव्हा त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागेना. तो प्रश्न जंतूंचा नव्हता, धातूचा होता. पण रोग एकच, वही नसणे.

प्रतिबंधाविषयीही चार शब्द लिहावयास हवेत. संसर्ग टाळण्यासाठी कोट्यवधींची यंत्रसामग्री हवी, असा एक समज आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांवर शस्त्रक्रियांच्या अभ्यासात शुद्ध हवेच्या गृहांत संसर्ग शेकडा १.५ वरून ०.६ वर आल्याचे दिसले होते, हे खरे. तथापि पुढील काळाचा अनुभव जमेस धरून, केवळ त्या कारणासाठी एकदिश वायुप्रवाहाची खर्चिक यंत्रणा बसवू नये असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचविले. त्याच संघटनेने ज्या गोष्टींवर भर दिला त्या स्वस्त आहेत : हात नीट धुणे, शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची आंघोळ, वस्तऱ्याने केस न काढणे, छेद घेण्याच्या आधीच्या दोन तासांत प्रतिजैविकाची मात्रा देणे, आणि शस्त्रक्रिया संपल्यावर ‘असू द्या’ म्हणून ते पुढे चालू न ठेवणे. मधुमेह आटोक्यात आणल्याखेरीज घाईने सांधा बदलू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. या गोष्टींना पैसा थोडा लागतो, शिस्त मात्र फार लागते.

आता अमरावती व अकोला यांनी काय करावे? आमच्या सूचना मोजक्या आहेत आणि त्यांतील एकही असाध्य नाही. अकोल्यास २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीस १९८४ पासून डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०२४ मध्ये शासकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. नागपूर अमरावतीहून सुमारे दीडशे आणि अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. खुबा चिघळलेल्या रुग्णाला ते अंतर चंद्राइतके. म्हणून या महाविद्यालयांनी मिळून हाडांच्या संसर्गासाठी एक संयुक्त मंडळ नेमावे. आठवड्यातून एक दिवस अस्थिशस्त्रवैद्य, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि औषधवैद्य यांनी एकत्र बसून अवघड रुग्ण पाहावेत, आणि खाजगी रुग्णालयांतील रुग्णांनाही तेथे संकोचाविना पाठविता यावे. चौदा दिवसांच्या जंतुवाढीची हमी देणारी एक प्रयोगशाळा या मंडळाशी जोडावी. दोन्ही जिल्ह्यांत बसविलेल्या प्रत्येक सांध्याची, मग तो सरकारी रुग्णालयात बसो वा खाजगी, नोंद व्हावी आणि वर्षाने त्याची विचारपूस व्हावी. प्रारंभी रुग्णालयांची नावे जाहीर करण्याची आवश्यकता नाही. एकूण आकडा जाहीर झाला तरी पुरे.

राज्य शासनानेही आपला वाटा उचलावा. सरकारी आरोग्य विमा योजना २ जुलै २०१२ रोजी पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा अमरावती त्यांत होती. आज ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. अशा योजनांत उपचार ठरावीक रकमेच्या चौकटीत बांधला जातो. एका छेदात संपणाऱ्या रोगाला ती चौकट बसते. चिघळलेला खुबा हा मात्र तपासणी, धुणे, काढणे, महिनोगणती औषध आणि पुन्हा बसविणे असा अनेक अंकी रोग आहे. त्याचे सर्व टप्पे एकच आजार मानून, प्रयोगशाळेच्या खर्चासह, एका मंजुरीत देण्याची व्यवस्था झाली पाहिजे. टप्प्याटप्प्याला कागद अडला की मधल्या काळात जंतू थांबून राहत नाहीत. औषधांच्या दुकानांविषयी कायदा आहेच. अनुसूची एच-१ मधील भारी प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकू नयेत आणि त्यांची स्वतंत्र वही ठेवावी, हा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे. त्याची अंमलबजावणी गावोगावच्या दुकानांत कितपत होते हे तपासणे अन्न व औषध प्रशासनाचे काम आहे. आणि प्रत्येक रुग्णालयाने घरी सोडताना रुग्णाच्या हाती सोप्या मराठीत छापलेला एक कागद द्यावा : पट्टी ओली झाली तर गोळी आणू नका, या क्रमांकावर कळवा, पहिल्या महिन्यात जखम दाखविण्यास शुल्क नाही. या एका कागदाने जितके सांधे वाचतील तितके पुष्कळ यंत्रांनी वाचणार नाहीत.

आमचे सुशिक्षित वाचकही यातून सुटत नाहीत. स्वतःच्या मनाने गोळ्या आणण्याची सवय खेड्यातील अडाणीपणातून आली, असे मानणे ही आत्मवंचना होय. कपाटात उरलेली प्रतिजैविकाची पाने शहरांतील आपल्याच घरांत सापडतात, आणि ती शेजाऱ्याला मोठ्या मायेने देणारेही आपणच असतो. शस्त्रक्रियेपूर्वी आपला मधुमेह, आपली जुनी जखम, किडलेले दात डॉक्टरांपासून लपवू नयेत. या रुग्णालयात गेल्या वर्षी किती सांधे बदलले आणि त्यांतील किती चिघळले, हा प्रश्न सभ्यपणे विचारावा. जो डॉक्टर त्याचे सरळ उत्तर देईल त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा, तो आकडा शून्य नसला तरीही. शून्य सांगणाऱ्याने बहुधा मोजलेलेच नसते.

ज्या वऱ्हाडात गाडगेबाबा जन्मले आणि जेथे वलगावनजीक २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला, त्या वऱ्हाडाला स्वच्छतेचा धडा बाहेरून शिकण्याचे कारण नाही. बाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि कीर्तन नंतर करीत. घाण आहे हे चारचौघांत कबूल करण्यात त्यांना लाज वाटली नाही. ती तशीच पडू देण्याची मात्र वाटे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत एका वर्षात किती खुबे बदलले आणि त्यांपैकी किती चिघळले, एवढी एक जोडसंख्या येत्या वर्षअखेर जनतेपुढे यावी, अशी आमची मागणी आहे. ती संख्या लहान असो वा मोठी, आम्ही ती याच पानावर छापू.